आधी गाव सांगा, मग वेळ

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

इ. स. पूर्व २६३ मध्ये रोमन सैन्याने सिसिली बेटावरचे कॅटानिया हे शहर घेतले. लुटीच्या मालात एक सूर्यतबकडी होती. व्हॅलेरियस मेसाला या सेनापतीने ती रोमला आणली आणि शहराच्या मुख्य चौकात, फोरममध्ये, एका खांबावर बसवली. तोवर रोममध्ये सार्वजनिक अशी वेळ फारशी नव्हतीच. आता ती आली. लोक येता-जाता खांबाकडे पाहू लागले, भेटी ठरवू लागले. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पुढे लिहून ठेवले आहे, की या तबकडीच्या रेघा रोमच्या तासांशी जुळत नव्हत्या, आणि तरीही रोमन लोक ९९ वर्षे तिच्याच हुकमतीत राहिले. मग क्विंटस मार्सियस फिलिपस याने शेजारी दुसरी, रोमसाठी नीट आखलेली तबकडी बसवली.

आता गंमत अशी, की त्या तबकडीत बिघाड काहीच नव्हता. कॅटानियात ती अगदी बरोबर चालत असली पाहिजे. फक्त ती कॅटानियाची होती. कॅटानियाचा अक्षांश साडेसदतीस आणि रोमचा जवळजवळ बेचाळीस. फरक साडेचार अंशांच्या आतबाहेरचा. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर पुण्यात आखलेली तबकडी उचलून उज्जैनला नेऊन ठेवावी, तेवढा. आजच्या हिशेबाने पाहिले तर चूक काही मिनिटांचीच व्हायची, आणि ज्या शहरात कुणाकडे दुसरे घड्याळच नव्हते तिथे ती कुणाला जाणवणार? पण मला या गोष्टीत चुकीपेक्षा दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. सूर्याकडून वेळ विचारायची तर सूर्य आधी उलटा प्रश्न करतो: तुम्ही कुठले? गाव सांगा, मग वेळ सांगतो.

हा प्रश्न नेमका कोणत्या कोनात विचारलेला आहे, हे समजून घ्यायला यंत्र लागत नाही. रात्री गच्चीवर जा आणि ध्रुवतारा शोधा. पुण्यात तो क्षितिजापासून साडेअठरा अंश वर दिसतो, नागपुरात एकवीस, श्रीनगरला चौतीस, लंडनला साडेएक्कावन. ध्रुवाची उंची म्हणजेच त्या गावाचा अक्षांश, इतके ते सोपे आहे. (ध्रुवतारा खगोलाच्या उत्तर ध्रुवापासून अर्ध्या-पाऊण अंशाने ढळलेला आहे, पण आपल्या कामापुरते तेवढे सोडून देऊ.) पृथ्वीचा अक्ष सगळ्यांना एकच. आपण मात्र आपापल्या गावी त्याच्याकडे वेगवेगळ्या कोनातून पाहत असतो. सूर्य त्या अक्षाभोवती फिरताना दिसतो, तासाला बरोबर १५ अंश. म्हणून सूर्यतबकडीचा काटा जर त्या अक्षाला समांतर केला, तर सावली दर तासाला सारखी सरकते. काटा समांतर नसेल तर सावली पडतेच, पण तिचा हिशेब बिघडतो.

जयपूरचे सम्राट यंत्र पाहिलेल्यांना तो उतरता, जिन्याचा त्रिकोण आठवत असेल. सुमारे २७ मीटर उंचीची ती भिंत म्हणजे सूर्यतबकडीचा काटाच. तिचा चढ २७ अंशांचा आहे, कारण जयपूरचा अक्षांश २७ आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा इथे वेधशाळा बांधल्या आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीचा चढ त्या गावाच्या अक्षांशाप्रमाणे ठेवावा लागला. उज्जैनची वेधशाळा पुढे मोडकळीला आली. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला. तिचे पहिले अधीक्षक होते ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे. तिथले सम्राट यंत्र जयपूरच्या मानाने लहान आहे आणि भिंतीचा चढही कमी आहे, तेवीस अंशांच्या आसपास. ही दोन यंत्रे सख्खी भावंडे, पण एकाची भिंत दुसऱ्याच्या जागी चालणार नाही. चुन्या-दगडाची यंत्रे म्हणजे त्या त्या गावाची कायमची रहिवासी.

प्रवाशाने काय करायचे?

आपल्या ज्योतिर्गणितात या प्रश्नाचे एक फार देखणे उत्तर होते, त्याचे नाव पलभा. वसंत किंवा शरद संपाताच्या दिवशी, म्हणजे दिवस-रात्र समान असते तेव्हा, बारा अंगुळांचा शंकू सपाट जमिनीवर उभा करायचा आणि भर मध्यान्ही त्याची सावली मोजायची. ती सावली किती अंगुळे भरते, ती त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा चार अंगुळे येते, नागपूरची साडेचारच्या थोडी वर, उज्जैनची पाचच्या थोडी वर. अक्षांश हा शब्द न उच्चारता गावाची ओळख सांगण्याची ही रीत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात त्यांनी फलकयंत्राचे वर्णन केले आहे. ही एक रेघा आखलेली फळी. तिच्यावरून सूर्याची उंची मोजून वेळ काढायची. पण त्याआधी गावाच्या पलभेवरून थोडी आकडेमोड करावी लागे. आकडेमोड येत असेल त्याला ती फळी कुठेही चालावी. ज्याला येत नसेल त्याला घरीही नाही.

कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ हे ‘ग्रहलाघव’ या ग्रंथामुळे आपल्याला माहीत आहेत. तो १५२० चा. पंचांग करणाऱ्यांचे गणित त्यांनी इतके सोपे केले, की पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगे ‘ग्रहलाघवा’वरून होत राहिली. त्यांनीच एका सावलीच्या यंत्रावर छोटी रचना केली आहे, तिचे नाव ‘प्रतोदयंत्र’. प्रतोद म्हणजे चाबूक. चाबकाच्या दांड्यावर रेघा कोरायच्या, वरच्या बाजूला आडवी काडी खोचायची, दांडा उभा धरायचा आणि काडीची सावली कुठवर उतरते ते पाहायचे. घोड्यावरून उतरायलाही नको. मला ही कल्पना फार आवडते, कारण तिच्यात घाईतला माणूस दिसतो. मात्र अशा दांड्यावरच्या रेघा कुठला तरी एक अक्षांश धरूनच आखाव्या लागतात. स्वाराने घोडा फार लांब पळवला, तर चाबूक मागच्या गावाची वेळ सांगत राहणार.

तर अडचण ही अशी. एकीकडे अचूक पण जागचे न हलणारे यंत्र. दुसरीकडे हलणारे, पण एका गावाशी बांधलेले, किंवा गणित करायला लावणारे. मधला मार्ग म्हणजे यंत्रातच एक हलता भाग ठेवायचा, ज्यावर आपण गाव लावू शकू. ही कल्पना जुनी आहे. व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने तबकड्यांचे प्रकार आणि त्यांचे कर्ते यांची यादी दिली आहे, त्यात ‘सर्व प्रदेशांसाठी’ अशा ग्रीक नावाची एक तबकडी आहे. तशी रोमन काळातली काही खिशातली यंत्रे सापडलीही आहेत. ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहास संग्रहालयातल्या अशा एका पितळी यंत्राच्या पाठीवर रोमन साम्राज्यातल्या सुमारे तीस प्रदेशांची नावे आणि त्यांचे अक्षांश कोरलेले आहेत. साम्राज्य मोठे झाले, की मेसालाच्या लुटीतली तबकडी पुरत नाही, हे ओघानेच आले.

पण या कुळातले सगळ्यात हुशार यंत्र आले ते सोळाव्या-सतराव्या शतकात, आणि त्याच्या मुळाशी लूव्हेन विद्यापीठातला एक गणिती आहे, गेमा फ्रिसियस. १५३४ मध्ये त्याने एकात एक बसणाऱ्या कड्यांच्या यंत्राचे वर्णन छापले. त्याआधी चार वर्षे, १५३० मध्ये, याच माणसाने आणखी एक सूचना केली होती: प्रवासाला निघताना निघाल्या गावच्या वेळेवर लावलेले घड्याळ बरोबर न्या, पोहोचल्यावर तिथली स्थानिक वेळ काढा, आणि दोन्हींतल्या फरकावरून आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आलो ते ठरवा. म्हणजे रेखांश. तेव्हाची घड्याळे दिवसाकाठी इतकी मागेपुढे होत, की दोन शतके ही सूचना कागदावरच राहिली. पण दोन्ही गोष्टी एकाच डोक्यातून निघाल्या, हे मला योगायोगाचे वाटत नाही. घड्याळ घरची वेळ सांभाळते, कडे उभ्या जागेची वेळ सांगते. दोघांना एकमेकांची गरज आहे.

गेमाच्या कड्याला सोपे आणि सुटसुटीत रूप दिले ते विल्यम ऑट्रेड याने. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या ऑल्बरी या खेड्याचा हा पाद्री. आपण गुणाकारासाठी जी × ही फुली काढतो ती १६३१ च्या त्याच्या पुस्तकाने रूढ केली, आणि एकेकाळी प्रत्येक इंजिनिअरच्या खिशात असे तो स्लाइड रूलही त्याचाच. लंडनमधला कारागीर एलायस ॲलन याने त्याच्या आराखड्यांवरून पितळी यंत्रे घडवली. पुढे दीडशे वर्षे अशी कडी युरोपभर बनत राहिली, खिशात मावणाऱ्या दोन-तीन इंचांच्या कड्यापासून ताटाएवढ्या कड्यापर्यंत.

हे यंत्र समजून घ्यायला ते करून पाहणे सगळ्यात बरे, म्हणून मी ते केले. भरतकामाच्या दोन लाकडी रिंगा घेतल्या, एक दुसरीत बसेल अशा. आतली साधारण २० सेंटिमीटर व्यासाची. बाहेरची रिंग उभी टांगायची. तिच्या कडेवर अक्षांशाच्या खुणा आणि त्या खुणांवरून सरकणारी दोऱ्याची गाठ. दोरा ज्या अंशावर असेल त्या अंशावर यंत्र लोंबते. आतली रिंग बाहेरच्या रिंगेत बिजागरीसारखी बसवलेली. उघडली की तिच्याशी काटकोनात उभी राहते. तिच्या आतल्या बाजूला तासांच्या खुणा. आणि बाहेरच्या रिंगेच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, व्यासावर, एक पट्टी. पट्टीला मधोमध फट, फटीत पुढेमागे सरकणारा एक तुकडा आणि त्या तुकड्याला टाचणीचे भोक. पट्टीसाठी मी आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून वापरल्या. एवढेच.

वापरायचे असे. दोरा आपल्या गावाच्या अक्षांशावर न्यायचा. यंत्र टांगले, की त्याच्याच वजनाने मधली पट्टी क्षितिजाशी नेमका अक्षांशाएवढा कोन करते. भोकाचा तुकडा आजच्या तारखेवर सरकवायचा, कारण सूर्य वर्षभर विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला साडेतेवीस अंशांपर्यंत जातो-येतो. आपण ज्याला उत्तरायण-दक्षिणायन म्हणतो, ते या पट्टीवर दोन-चार बोटांच्या अंतरात मावते. मग यंत्र दोऱ्यावर हळूहळू फिरवायचे. भोकातून आलेला उन्हाचा ठिपका आतल्या रिंगेवर इकडेतिकडे हिंडतो आणि एका क्षणी नेमका तिच्या मधल्या रेघेवर येतो. तो जिथे पडला ती वेळ.

आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडलेली असते, ती लक्षात आली तेव्हा मी कडे हातात धरून थोडा वेळ नुसता उभा राहिलो. ठिपका रेघेवर आला याचा अर्थ मधली पट्टी आता ध्रुवाकडे रोखलेली आहे आणि बाहेरचे कडे बरोबर उत्तर-दक्षिण झालेले आहे. होकायंत्र नको. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, ती खऱ्या उत्तरेपासून ठिकाणाप्रमाणे ढळते. या कड्याला त्याच्याशी देणेघेणे नाही. तुम्ही त्याला अक्षांश आणि तारीख सांगा, ते तुम्हाला वेळ आणि दिशा सांगते. भास्कराचार्यांच्या फळीसाठी जी आकडेमोड माणसाला करावी लागे, ती इथे पितळेच्या आकारातच बसवलेली आहे. कड्याला गणित येते, धरणाऱ्याला यायला हवे असे नाही.

माझ्या रिंगेवर एक तास म्हणजे सुमारे २.६ सेंटिमीटर. पाच मिनिटे दोन मिलिमीटरांत येतात, तेवढे डोळ्याला सहज दिसते. अक्षांशाचे माप तर आणखी मजेचे. दोऱ्याची गाठ पुण्यावरून नागपूरवर न्यायला साडेचार मिलिमीटर सरकवावी लागते. मुंबई-पुण्यात एक मिलिमीटरही नाही. कन्याकुमारी ते श्रीनगर सगळा देश साडेचार सेंटिमीटरांत संपतो.

यंत्राचे दोष सांगितले पाहिजेत. सूर्य सकाळी ज्या उंचीवर असतो त्याच उंचीवर दुपारनंतर पुन्हा येतो. त्यामुळे ठिपका दोन प्रकारे रेघेवर आणता येतो, एकदा नऊ आणि एकदा तीन. सकाळ आहे की दुपार, एवढे धरणाऱ्याला माहीत हवे. संपाताच्या आसपासचे काही दिवस सूर्य आतल्या कड्याच्या पातळीत येतो आणि कड्याची एक बाजू भोकावर सावली धरते. आणि भर मध्यान्ही बाहेरच्या कड्याची कड सूर्य आणि भोक यांच्या मध्ये येते. म्हणजे दिवसाच्या ज्या एका क्षणावर बाकीच्या सगळ्या तासांचा हिशेब उभा, तो क्षण हे यंत्र कधी दाखवू शकत नाही! अकरा सांगेल, एकही सांगेल. बाराला गप्प.

पण माझी खरी कुरकुर दुसरीच आहे, आणि ती ‘सार्वत्रिक’ या शब्दाबद्दल. कड्यांच्या यंत्रावर शून्य ते नव्वद अंश कोरलेले असत, तेव्हा त्यांना हा शब्द शोभतो. पण सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात जी खिशातली यंत्रे सर्वांत जास्त खपली त्यांत पॅरिसची एक जात होती, मायकेल बटरफील्ड या इंग्रज कारागिराच्या नावाने ओळखली जाणारी. छोटी चांदीची किंवा पितळेची तबकडी, मध्ये होकायंत्र, आणि दुमडता येणारा त्रिकोणी काटा. काट्याला एक नाजूक पक्षी लावलेला. काटा खालीवर केला की त्या पक्ष्याची चोच अंशांच्या मापावर सरकते. चोच आपल्या अक्षांशावर आणली की झाले. मागच्या बाजूला शहरांची नावे आणि त्यांचे अंश. फार सुंदर वस्तू. पण त्या बहुतेकांवरचे माप चाळीसच्या आसपास सुरू होते आणि साठला संपते. दक्षिण स्पेनपर्यंतही ते पोहोचत नाही. पुण्याच्या साडेअठरांवर आणायचे म्हटले तर चोच मापाबाहेर, रिकाम्या पितळेवर टेकेल. ज्यांच्यासाठी ते बनले त्यांना ते कुठेही चालत होते, कारण त्यांचे ‘कुठेही’ माद्रिद ते स्टॉकहोम एवढेच होते.

त्याच काळात जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहरातले कारागीर दुसरा प्रकार करत. त्यात तासांचे कडेच बिजागरीवर तिरके उभे करायचे, बाजूच्या चापावर अक्षांश लावायचा आणि होकायंत्राने उत्तर धरायची. डबीत शहरांची छापील यादी. आजच्या मोबाइल फोनमध्ये आपण शहर निवडतो, तशीच ही सोय; फक्त इथे ते बोटाने वाकवायचे.

आता कुणी विचारेल, की खिशात घड्याळे आल्यावर ही कडी कशाला हवी होती? उत्तर उलटे आहे. घड्याळे आली म्हणूनच ती जास्त हवी झाली. १६७५ मध्ये हायगेन्सने घड्याळाच्या तोलचक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग जोडली आणि खिशातले घड्याळ दिवसाला काही मिनिटांच्या चुकीवर आले. पण ती चूक रोज साठत जाते. आठवड्यातून एकदा तरी ते कुणाशी तरी मिळवून घ्यायला हवे. मिळवायचे कुणाशी? सूर्याशी. घड्याळ चालवायला किल्ली आणि लावायला तबकडी, असा तो संसार होता.

इथे एक नाजूक मुद्दा येतो. सूर्य स्वतःही वर्षभर एका चालीने चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, या दोन कारणांनी सूर्याची वेळ एकसारख्या चालणाऱ्या घड्याळाच्या मागेपुढे होते. फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटे मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटे पुढे. मी पुण्यात गच्चीवर कडे धरून पाहिले. नोव्हेंबरात कड्यावर दहा वाजले तेव्हा मनगटावर १० वाजून १८ मिनिटांच्या आसपास झाले होते. फेब्रुवारीत कड्यावर तेच दहा, मनगटावर १० वाजून ४९. मी काही बदलले नव्हते, तारखेचा तुकडा सोडून. हा फरक जुने कारागीर कोष्टक करून डबीच्या झाकणात लावत. आपल्या घड्याळात उरतो तो दुसरा, कायमचा फरक: पुण्याचा सूर्य भारताच्या प्रमाणवेळेच्या ३४-३५ मिनिटे मागे असतो. कारण ती वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची आहे.

हा दुसरा फरक आपल्याकडे मुकाट्याने आलेला नाही. मुंबईचे स्थानिक घड्याळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. रेल्वेने आपल्या गाड्यांसाठी मद्रासची वेळ धरली, ती मुंबईपेक्षा अर्धा तास पुढची. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रास टाइम मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही लागू केला. शहराने तो मानला नाही, आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. मग १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ आली, मुंबईपेक्षा ३९ मिनिटे पुढे. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीत कामगारांनी काम बंद ठेवून दगडफेक केली. नव्या वेळेने गिरणीच्या भोंग्याचा आकडा तोच ठेवला तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी अंथरूण सोडावे लागणार होते. शेठजींच्या मनगटावर तो आकड्यांचा फेरफार असेल, चाळीतून पहाटे निघणाऱ्याला तो अंधार होता. सभा झाल्या, अर्ज गेले, वर्तमानपत्रांनी लिहिले. लोकमान्यांच्या चळवळीचे दिवस ते, तेव्हा ‘आमची दुपार कलकत्त्याहून का ठरावी’ हा प्रश्न नुसता ज्योतिषाचा राहणे शक्यच नव्हते.

आणि त्याच १९०६ साली, इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावात जॉर्ज गिब्स याने एका नव्या सूर्ययंत्राचे पेटंट घेतले. पिल्किंग्टन हा त्याचा भागीदार. पंचरसी धातूची जड तबकडी, तिचा कल कुठल्याही अक्षांशाला लावता येईल असा. रेखांशाचा फरकही एकदाच लावून ठेवायचा. शिवाय आत एक वाकडीतिकडी चकती, तारखेप्रमाणे सूर्याची ती मागेपुढे होणारी चाल आपोआप वजा करणारी. सूर्याचा ठिपका पट्टीवर आणला की यंत्र थेट घड्याळाची वेळ दाखवी, एखाद्या मिनिटाच्या आत. पहिल्या महायुद्धापर्यंत अशी यंत्रे विकली गेली. गेमाच्या कड्यापासून सुरू झालेल्या कामाचा हा शेवटचा, सर्वांत पक्का टप्पा. पण बघा, हे यंत्र गाव विचारते ते कशासाठी? ते वजा करण्यासाठी. ऑट्रेडचे कडे अक्षांश विचारून तुमच्या अंगणातली वेळ सांगत होते. गिब्सचे यंत्र अक्षांश-रेखांश दोन्ही विचारून सरकारी वेळ सांगते. दोन्ही यंत्रे बरोबर, दोन्ही कुठेही चालणारी, आणि दोघांची उत्तरे वेगळी.

मुंबई महापालिकेने आपली घड्याळे पुढे कित्येक वर्षे मुंबई टाइमवरच ठेवली. स्वातंत्र्य आले तरी शहरात वेळ सांगताना ‘मुंबई की स्टँडर्ड’ हे विचारावे लागे. जुन्या पिढीतल्या मुंबईकरांची जन्मवेळ पाहताना ज्योतिषी आजही हा खुलासा मागतात.

ज्यांना हे सारे आपल्या हाताने ताडून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. वर्षातून चार दिवस सूर्याची चाल आणि घड्याळाची चाल जुळतात: १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर, एखाद्या दिवसाच्या फरकाने. जूनमध्ये ऊन मिळेल याची खात्री नाही, पण एप्रिल आणि डिसेंबर आपले आहेत. मुंबईत असाल तर कड्याचा दोरा १९ अंशांवर आणा, तारीख लावा आणि ठिपका रेघेवर येऊ द्या. जो आकडा येईल तो जुना मुंबई टाइम. रेडिओवरच्या बातम्यांची वेळ हवी असेल, तर त्यात ३९ मिनिटे मिळवा.